चुन्याच्या थरात राहिलेली रोमन नहर

डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या कॅथीड्रलमध्ये काही थडग्यांवर एक वेगळाच दगड बसवलेला आहे. तपकिरी आणि मधाळ रंगाच्या बारीक पट्ट्या एकीला एक लागून गेलेल्या, आणि घासून इतका गुळगुळीत केलेला की संगमरवरच वाटावा. याच दगडाचे खांब जर्मनीत मारिया लाखच्या मठात आहेत. बाड म्युन्स्टरआयफेलच्या चर्चमध्ये तो आहे, पाडरबोर्न आणि हिल्डेसहाइमलाही आहे. मध्ययुगात त्याला संगमरवराचाच मान होता. पण तो कुठल्याही खाणीतून निघालेला नाही. रोमन लोकांनी बांधलेल्या एका नहरीतून वाहणाऱ्या पाण्याने तळाला आणि भिंतींना जो चुना सोडला, तो साचून साचून घट्ट झाला आणि त्याचाच हा दगड बनला. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच हा पदार्थ. फक्त तो जवळजवळ दोनशे वर्षं धरत राहिला.

ही नहर जर्मनीच्या आयफेल डोंगरातून ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहरात पाणी आणत होती. मुख्य नहर ९५.४ किलोमीटर, आणि झऱ्यांकडून येणाऱ्या सगळ्या शाखा धरल्या तर सुमारे १३० किलोमीटर. इसवी सन ८० च्या सुमाराला ती बांधली असं मानलं जातं. दिवसाला साधारण २ कोटी लिटर पाणी ती शहरात पोहोचवत असे. पंप नाही, दाब देणारं यंत्र नाही, सगळा कारभार उतारावर. आणि तरी ती पाहायला गेलं तर डोळ्यांत भरावं असं जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण ती जमिनीखाली आहे.

रोमन पाणीव्यवस्था म्हटलं की आपल्यासमोर उंच दगडी कमानी येतात. पाठ्यपुस्तकात त्याच असतात, पर्यटकही त्यांच्याच समोर फोटो काढतात. फ्रान्समधल्या नीम शहराची पाँ द्यु गार ही तीन मजली कमान खरोखर थक्क करणारी आहे, जवळजवळ ४९ मीटर उंच. पण नीमची नहर सुमारे ५० किलोमीटरची आहे आणि त्यातला हा पूल आज जेमतेम २७५ मीटरचा. बाकीची बहुतेक नहर मातीखालून गेली आहे. खुद्द रोमची पहिली नहर, इसवी सनपूर्व ३१२ मधली अॅक्वा आपिया, तीही जवळजवळ सगळी जमिनीखालून होती. माझ्या मते रोमन जलस्थापत्याचं खरं कौशल्य कमानीत कमी आणि या पुरलेल्या चरात जास्त आहे. कमान एकदा उभी राहिली की लोक तिच्याकडे पाहतात. चर मात्र पिढ्यान्‌पिढ्या नीट चालावा लागतो, आणि तो नीट चालला की त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. कोलोनची नहर उकरून पाहणाऱ्यांनी हेच दाखवून दिलं.

शहराच्या पायाशी ऱ्हाइनसारखी नदी असताना इतक्या दुरून पाणी का आणायचं, हा प्रश्न सहज मनात येतो. कोलोनला रोमन वसाहतीचा दर्जा इसवी सन ५० मध्ये मिळाला. सम्राट क्लॉडियसची पत्नी अॅग्रिपिना तिथेच जन्मलेली, म्हणून शहराच्या अधिकृत नावातही तिचं नाव आलं. पुढे ते एका प्रांताची राजधानी झालं. नदी शहराच्या पातळीखाली होती, तिचं पाणी गढूळ होतं आणि ते वर चढवायला साधन नव्हतं. स्नानगृहं, कारंजी आणि रस्त्यावरचे हौद अखंड वाहते ठेवायचे तर पाणी उंचावरूनच यायला हवं. आधी जवळच्या टेकड्यांमधून काही नहरी आणल्या होत्या. वाढत्या शहराला त्या पुरेनात. तेव्हा नजर गेली ती आयफेलच्या चुनखडीच्या डोंगराकडे, जिथे बाराही महिने थंड आणि नितळ पाण्याचे झरे होते.

झरा निवडण्याची रीत रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात सांगितली आहे. त्या झऱ्याचं पाणी पिणारी माणसं पाहावीत, त्यांची अंगकांती, हाडं, डोळे कसे आहेत ते पाहावं, आणि मग पाणी घ्यावं. आयफेलचं पाणी या कसोटीला उतरलं असणार. ते चुन्याने भरलेलं होतं हे रोमनांना खटकलं नाही. उलट असं जड पाणी त्यांना चवीला आवडत असे.

नेटर्सहाइम गावाजवळ उर्फ्ट नदीच्या खोऱ्यात नहरीचा सगळ्यात वरचा झरा आहे. त्याचं आजचं नाव ग्र्युनर प्युट्स. इथे उत्खनन झालं तेव्हा पाणी गोळा करण्याची रीत लख्ख दिसली. डोंगराच्या पायथ्याशी एक चर काढला होता. त्याची डोंगराकडची भिंत चुना न वापरता नुसते दगड रचून उभारलेली, म्हणजे मातीतून झिरपणारं पाणी फटींतून आत येईल. दुसरी भिंत पक्की, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर जाणार नाही. चराच्या शेवटी एक चौकोनी कुंडी होती. तिच्यात पाणी स्थिरावायचं, वाळू तळाला बसायची आणि मग पाणी पुढे निघायचं. काल्मुट गावाजवळचा क्लाउसब्रुनेन झराही याच पद्धतीने बांधलेला आहे. त्यावर आज छप्पर घालून तो जपला आहे आणि आत डोकावून पाहता येतं. आइझरफायला दोन शाखांचं पाणी एकत्र आणणारा गोल हौद सापडला. तिथे येणारे दोन प्रवाह एकाच पातळीवर आणून मग पुढे सोडले जात.

नेटर्सहाइमपासून कोलोन सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटर आहे. नहर मात्र जवळजवळ दुप्पट अंतर चालते, कारण ती डोंगराच्या अंगाअंगाने, समोच्च रेषेला धरून जाते. एके ठिकाणी तिने मोठीच कमाल केली आहे. उर्फ्टचं पाणी निसर्गतः पश्चिमेला मास नदीकडे जातं. काल गावाजवळ नहर तो जलविभाजक ओलांडते आणि पाण्याला ऱ्हाइनच्या बाजूला घेऊन येते. नकाशे नाहीत, दुर्बीण बसवलेली लेव्हल नाही. विट्रुव्हियसने वर्णन केलेलं साधन म्हणजे २० फूट लांबीचं एक लाकडी बाक, त्याला ओळंबे लटकवलेले आणि वर पाणी भरायची खोबण. एवढ्यावर त्यांनी सगळा डोंगर मोजला. उगमापासून शहरापर्यंत साडेतीनशे मीटरहून जास्त उतार मिळतो, म्हणजे एकंदरीत सोपं वाटेल. पण हा उतार सगळीकडे सारखा नाही. काही टप्प्यांत किलोमीटरमागे एक मीटर एवढाच उतार मिळत होता. तिथे हातभर चूक झाली तर पाणी उलटं थांबलं असतं.

स्विस्ट नावाच्या ओढ्याचं रुंद खोरं ओलांडायला मात्र कमानी लागल्या. हा पूल सुमारे १४०० मीटर लांब होता, २९५ कमानींचा, आणि उंची जेमतेम १० मीटर. आज त्याचा दगडही जाग्यावर नाही. शेतात पसरलेला चुन्या-दगडाचा चुरा आणि जमिनीचा किंचितसा उंचवटा एवढंच शिल्लक आहे. जमिनीवरचं बांधकाम नाहीसं झालं आणि जमिनीखालचं टिकलं.

आता हा चर आत कसा आहे ते पाहू. खोदकाम करणारे शेतात नहरीला आडवा छेद घेतात, म्हणजे केक कापावा तसा एक काप समोर येतो. वरून अंदाजे मीटरभर माती निघते. ती मुद्दाम घातलेली, कारण या थंड मुलखात बर्फाचा कडाका एवढ्या खोलवर सहसा पोहोचत नाही आणि पाणी गोठत नाही. मातीखाली दगडांची कमानदार छत. ती चढवताना खाली लाकडी सेंटरिंग होतं, आणि त्याच्या फळ्यांचे ठसे चुन्यात आजही दिसतात. लाकडाच्या रेषा, दोन फळ्यांच्या मधली फट, सगळं उमटलेलं आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वी सुताराने कुठली फळी कुठे लावली ते त्यातून कळतं. त्याखाली ७० सेंटीमीटर रुंद आणि मीटरभर उंच अशी मोकळी पोकळी. माणूस वाकून, रांगत आत जाऊ शकतो, आणि तेवढ्यासाठीच ती तेवढी आहे. मधूनमधून आत उतरायला उभी भोकं ठेवलेली आहेत, वर झाकण घातलेली.

पोकळीच्या भिंती डबर आणि चुन्याच्या काँक्रीटच्या. त्यांना आतून लालसर गिलावा, कारण चुन्यात विटांचा चुरा मिसळलेला आहे. अशा गिलाव्यातून पाणी झिरपत नाही. तळ आणि भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यात गिलाव्याचीच गोलसर पट्टी फिरवलेली असते, म्हणजे कोपऱ्यात फट राहत नाही आणि साफ करतानाही अडत नाही. सगळ्यात खाली मोकळ्या दगडगोट्यांचा थर. डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी नहरीच्या पायाला लागून तिला सरकवू नये, म्हणून ते या थरातून निघून जातं. अभ्यासकांच्या अंदाजाने अशा प्रत्येक मीटरसाठी ३ ते ४ घनमीटर माती काढावी लागली आणि सुमारे दीड घनमीटर बांधकाम झालं. ही मोजमापं मला कमानीच्या उंचीपेक्षा जास्त बोलकी वाटतात. ९५ किलोमीटर माती उपसायची, गिलावा करायचा, छत चढवायची आणि पुन्हा सगळं मातीखाली गाडायचं!

एवढं लांब काम एका टोळीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केलं नसणार, हे उघड होतं. पण त्याचा पुरावा मेखर्निशजवळच्या लेसेनिश इथे मिळाला. तिथे नहरीत एक छोटी कुंडी सापडली. वरच्या बाजूने येणारा तळ आणि खालच्या बाजूने सुरू होणारा तळ यांच्या उंचीत फूटभराचा फरक होता. वरून आलेलं पाणी कुंडीत पडायचं, तिथे त्याचा जोर मोडायचा आणि मग ते पुढे जायचं. म्हणजे दोन टोळ्या आपापल्या टप्प्यावर एकाच वेळी काम करत आल्या आणि इथे भेटल्या. त्या जोडाच्या जागी उंची जुळली नाही. पण चूक सुरक्षित बाजूची होती: खालचा टप्पा खालीच होता. तो वर आला असता तर पाणी पुढे गेलंच नसतं. आखणी करणाऱ्यांनी जोडाच्या ठिकाणी अशी सोय मुद्दामच ठेवली होती, असं नहरीचे अभ्यासक क्लाउस ग्रेवे यांचं मत आहे. मला त्यात ठेकेदारीचं शहाणपण दिसतं. मोजमापात थोडंफार चुकणारच हे आधीच मान्य करायचं आणि चूक कुठल्या बाजूला व्हावी ते ठरवून ठेवायचं.

ग्रेवे हे मूळचे भूमापन अभियंते. जमीन मोजायची सवय असलेला माणूस पुरातत्त्वाकडे आला तर काय होतं, ते त्यांच्या कामात दिसतं. १९८६ मध्ये त्यांनी कोलोनच्या रोमन नहरींचा मोठा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. ज्या ज्या जागी नहर दिसली किंवा सापडली त्या प्रत्येक जागेची नोंद आणि उंची त्यात आहे. त्याआधी वाल्डेमार हाबेराय यांचं १९७१ चं पुस्तक होतं, आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८६७ मध्ये, सी. ए. आइक यांनी ही नहर आयफेलपासून कोलोनपर्यंत धरून तिच्यावर लिहिलं. शिस्तशीर अभ्यासाची सुरुवात तिथून झाली म्हणायला हरकत नाही.

त्याआधी शेकडो वर्षं लोकांना नांगराच्या फाळाला लागणारा हा दगडी बोगदा माहीत होता, पण तो कशासाठी होता ते विसरलं गेलं होतं. मग गोष्टी आल्या. अकराव्या शतकातल्या एका जर्मन काव्यात असं येतं की ट्रियरचे लोक कोलोनच्या सरदारांना जमिनीखालच्या दगडी पन्हळीतून द्राक्षमद्य पाठवत. दुसऱ्या एका दंतकथेत सैतान कोलोनच्या कॅथीड्रलच्या स्थपतीशी पैज लावतो: तुझं चर्च उभं राहण्याआधी मी ट्रियरहून इथवर पाणी आणून दाखवीन. दोन्ही गोष्टींत ट्रियर येतं, आणि नहर मात्र कधीच ट्रियरला गेली नव्हती. नहर कुठून येते हे कुणाला ठाऊक नसल्यावर मोठ्या शहराचं नाव पुढे केलं जातं.

आता पुन्हा त्या चुन्याकडे वळू, कारण आज सगळ्यात जास्त माहिती तिथूनच मिळते. पावसाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड घेतं, त्याने ते किंचित आम्ल होतं आणि चुनखडीचा दगड विरघळवतं. झऱ्यातून बाहेर येऊन ते मोकळ्या हवेत वाहू लागलं की वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होतो. त्याच्या पट्ट्या पडतात, कारण उन्हाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं पाणी सारखं नसतं. तापमान, पाण्याचं प्रमाण, मातीतून आलेले कण, सगळं बदलतं. त्यामुळे झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वर्षं मोजता येतात. भिंतीवर थर किती उंचीपर्यंत आहे त्यावरून नहरीत पाणी किती उंच वाहत होतं ते कळतं. थर पातळ काचेएवढा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं की ऋतूही ओळखता येतात.

जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात ग्युल स्युर्मेलीहिंदी आणि केस पासखियर यांनी हे तंत्र फार पुढे नेलं आहे. फ्रान्समधल्या काओर, म्हणजे रोमन दिवोना शहराच्या नहरीत त्यांना थर मधूनमधून खरवडून काढल्याच्या खुणा सापडल्या, अवजारांच्या ओरखड्यांसकट. दर एक ते पाच वर्षांनी कुणीतरी आत उतरून थोडक्या दिवसांत सफाई उरकत होतं. ऐन उन्हाळा मात्र टाळला जात होता. कॉन्स्टँटिनोपलची नहर शेकडो वर्षं चालली, तरी तिच्या काही भागांत जेमतेम २७ वर्षांचाच थर मिळाला. बाकीचा वेळोवेळी काढून टाकला गेला होता. ही माणसं कोण, हे रोमचा जलाधिकारी फ्रंटिनस सांगतो. इसवी सन ९७ मध्ये त्याची नेमणूक झाली आणि त्याने नहरींवर एक पुस्तकच लिहिलं. रोममध्ये या कामासाठी ७०० माणसांचे दोन ताफे होते, एक सरकारचा २४० जणांचा आणि एक सम्राटाचा ४६० जणांचा. त्यात गवंडी होते, गिलावा करणारे होते, पहारेकरी होते. नहर बंद करायची तर ती वसंतात किंवा शरदात, आणि आधी सगळं साहित्य तयार ठेवून, असं फ्रंटिनस बजावतो. लोकांना पाणी उन्हाळ्यातच जास्त लागतं. काओरच्या चुन्यातून निघालेलं वेळापत्रक आणि रोमच्या अधिकाऱ्याने लिहिलेला नियम एकमेकांशी जुळले, ही मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

कोलोनच्या नहरीत काही ठिकाणी हा थर ३० सेंटीमीटरपर्यंत जाड आहे. तिथे तो खरवडून काढला गेला नाही, एवढं त्यावरून ठरतं. पाण्याची जागा हळूहळू आक्रसत गेली असणार, तरीही नहर चालत राहिली. इसवी सन २६० च्या सुमाराला जर्मानिक टोळ्यांच्या स्वारीत ती निकामी झाली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही. शहर राहिलं, पण पाणी विहिरींवर आणि नदीवर आलं.

पुढे, विशेषतः अकराव्या ते तेराव्या शतकात, नहर ही आयती खाण झाली. छतीचे दगड मठांना आणि किल्ल्यांना गेले. तेव्हाच कुणा पाथरवटाच्या लक्षात आलं की आतला चुन्याचा थर सुटा काढता येतो, घासला की चकाकतो आणि ऱ्हाइनच्या मुलखात रंगीत संगमरवर तर मिळतच नाही. लांब पट्ट्या कापून, उभ्या करून त्यांचे खांब केले. जे थर नहरीत आडवे साचले ते चर्चमध्ये उभे राहिले. खांबाची जाडी नहरीतल्या थराच्या जाडीपलीकडे जाऊ शकत नव्हती, म्हणून ते खांब सडपातळ आहेत.

आज जी नहर सापडते ती बहुधा दुसऱ्याच कामात सापडते: रस्ता रुंद करताना, गॅसची पाइपलाइन टाकताना, घराचा पाया घेताना. पुरातत्त्व खात्याची माणसं येतात, छेद घेतात, उंची मोजतात, चुन्याचा नमुना घेतात. बांधकाम हलवता येत नसेल तर नहरीचा तुकडा करवतीने कापून उचलतात आणि दुसरीकडे नेऊन ठेवतात. पण पुष्कळदा सगळं तपासून झाल्यावर पुन्हा माती लोटतात. उघड्यावर राहिलेला गिलावा दोन-चार हिवाळ्यांत बर्फाने सोलून निघतो, आणि जे मातीखाली एवढी शतकं शाबूत राहिलं ते आपल्या डोळ्यांदेखत जातं. खोदून पुन्हा पुरणं पाहणाऱ्याला विचित्र वाटेल, पण मला ते योग्यच वाटतं.

मेखर्निशजवळ हाउझनर बेंडेन नावाची जागा आहे. १९३८ मध्ये गावासाठी पिण्याच्या पाण्याचा शोध चालू असताना तिथे नहरीचा आणखी एक झरा हाती आला. पाणी भरपूर होतं. ते सरळ गावाच्या नळयोजनेला जोडलं गेलं. झऱ्याला धक्का लागू नये म्हणून तिथे उत्खनन केलं नाही.